वाकडं अंगण

“गिटार मस्त वाजवाचास रं तू. का सोरलास?”

काळुमास्तर एवढंच म्हणाले आणि पुन्हा मिसळीत पाव बुडवून खाऊ लागले. सुशांत त्यांच्या टेबलाशी उभा. हातात पार्सलची पिशवी, पिशवीत इडल्या, आणि सांबाराची गरम पुडी पँटवरून मांडीला चटके देत होती, पण पिशवी दुसऱ्या हातात घ्यावी हे त्याला सुचलं नाही. डोंबिवलीत रविवारी सकाळी कुणीही कुणाला भेटतं. मास्तर आज ना उद्या भेटणार हे त्याने धरलेलंच होतं, पुलावर, लग्नात, कुणाच्या तरी दहाव्याला. भेटल्यावर काय बोलायचं तेही तयार ठेवलेलं, वर्षानुवर्षं धार लावून. ओळख दाखवली नाही तर हे, तोंड फिरवलं तर ते, पुन्हा टोमणा मारला तर मग बघायलाच नको. कौतुक केलं तर काय, ते मात्र तयार नव्हतं. तुझा बापूस, बाबुराव, कसा हाय, मास्तरांनी विचारलं. गेले, सुशांत म्हणाला. अरेरे, मानूस चांगला व्हता, आमचे प्रोग्रामला पयल्या लायनीत बसाचा. पहिल्या लायनीत. म्हणजे ते आठवतंय. आणि बाकीचं? मास्तरांचा डावा हात मांडीवर रुमालाखाली, उजव्याने तर्री ओरपणं चालू. शीळफाट्याकडची जमीन बिल्डरला देऊन ठाण्याच्या टॉवरात राहायला गेलेला, पांढऱ्या कडक शर्टातला, पंचाहत्तरीला आलेला एक सुखी म्हातारा. विसरलेला. ज्याने थोबाडीत मारली तो विसरला, आणि ज्याने खाल्ली तो अजून गाल धरून उभा आहे, सांबाराची पुडी सांभाळत.

त्याच बैठकीत मास्तर आपल्या लाल गिटारीबद्दल बोलले. सव्वीस जुलैच्या पाण्यात गेली. गाद्या गेल्या, फ्रिज गेला, त्याचं काही नाही, पण ती गिटार. आता डिसेंबरात पंचाहत्तरीचा सत्कार आहे, जुनी ऑर्केस्ट्राची पार्टी गोळा होणार, सगळे बोलतात मास्तर वाजवा, पण वाजवू कशावर? आणि सुशांत म्हणाला, “मी बनवून देतो तुम्हाला, मास्तर. तशीच.” वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्याला कळलं की ते आत कधीचं बसून होतं, पाय पोटाशी घेऊन, बोलावण्याची वाट बघत. मास्तरांनी खाणं थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की काय, की तर्रीचा ठसका. सुशांतने नीट बघितलं नाही. तो आधीच घरी पोचलेला.

मोहन्याची, म्हणजे कल्याणजवळच्या मोहने गावातली, गोष्ट त्याने कुणाला सांगितलेली नाही, उत्तराला, म्हणजे बायकोलासुद्धा नाही, आणि न सांगितल्यामुळे ती आत ताजी राहिली आहे, हवा न लागलेल्या लोणच्यासारखी. कंपनीच्या कॉलनीतला गणपती. बाबुराव कंपनीत, त्यामुळे आपल्याच कॉलनीत, आपल्याच लोकांपुढे, काळुमास्तरांच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षांचा सुशांत. मास्तर म्हणजे तेव्हा मोठं नाव; कल्याणपासून शीळफाट्यापर्यंत हळद असो, पूजा असो, मास्तरांची पार्टी नसेल तर यजमान चार लोकांत खाली बघायचा. मास्तरांची स्वतःची गिटार लाल, पांढऱ्या प्लेटची, कुणी बोटीवरच्या माणसाने परदेशातून आणून दिलेली. कधी उभ्याने वाजवायचे, कधी रडकं गाणं आलं की मांडीवर आडवी घेऊन तारांवरून लोखंडी नळी फिरवायचे, आणि बायका पदराने डोळे पुसायच्या. सुशांतला मिळाली होती पार्टीच्या ट्रंकेतली दुसरी, काळी, पाठीला भेग गेलेली. गाण्याच्या मधल्या तुकड्याला तो पुढे आला. बोटं खालून वर निघाली, वरच्या पट्ट्यांवर पोचली, आणि त्याने मास्तरांकडे बघितलं, शाबासकीसाठी. मास्तरांचा डावा डोळा मिटलेला. जबडा एका बाजूला सरकलेला. भातात खडा लागल्यावर माणूस घास गिळू की थुंकू अशा पेचात पडतो ना, तसा चेहरा. हात वर करून त्यांनी सगळी पार्टी थांबवली आणि माइकवरच विचारलं, कोन वाजवतंय ता? उतर खाली. सुशांत म्हणाला, मास्तर, गिटारच चुकीची आहे, वर गेलं की सूर चढतो. हेही माइकने पकडलं. मग मास्तर म्हणाले,

“नाचाला येत नाय, न म्हनं आंगन वाकरा!”

कॉलनी हसली. साहेब हसले, साहेबांच्या बायका हसल्या, पाण्याचे पेले वाटणारा हसला. पहिल्या लायनीत बाबुराव होते. साहेब हसले म्हणून हसतात तसं नाही, मनापासून, मागचे दात दिसेपर्यंत बाबुराव हसले. सुशांत उतरला, मांडवाच्या मागून, वायरींवरून पाय उचलत, कारखान्याच्या भिंतीच्या कडेने घरी आला, आणि त्याचे वडील मात्र शेवटपर्यंत बसले. टाळ्या वाजवून आले. जेवताना त्यांनी विषय काढला नाही, आणि हसूही पुरतं पुसलं नाही. काळी गिटार त्यानंतर मास्तरांनी कुणाला तरी देऊन टाकली. ती खरंच चुकीची होती की नाही, हे बघायचं राहून गेलं. (हे वाक्य सुशांत मनातसुद्धा भरभर म्हणतो.)

तर लाकूड. बाबुरावांच्या पलंगाची डोक्याकडची फळी, सागवानी, दोन बोटं जाड. याच फळीला टेकून बाबुराव पेपर वाचायचे, याच फळीला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग, आणि शेवटच्या महिन्यात ते याच फळीवर बोटांनी टकटक करून पाणी मागायचे. पलंग खोलताना उत्तराने विचारलं, बाबांचा पलंग कशाला मोडताय? तो म्हणाला, जुनं लाकूड वाजतं चांगलं. हे खरंही होतं. खरं बोलून खोटं वागायची त्याला गंमत वाटू लागली होती. फळी बाल्कनीत दोन स्टुलांवर आडवी, पेन्सिलने गिटारीच्या कमरेचा आकार, जिगसॉचं भाड्याचं मशीन, भुसा खालच्या मजल्यावरच्या विमलाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर. विमलाबाई वर आल्या. सुतारकाम करायचं तर सांगून करा हो, आम्ही सागवानाचे पापड खातोय. सुशांतने हात जोडले, हसला. हल्ली त्याला हसायला सोपं जात होतं. तेलाचा डाग बरोबर मध्ये येईल असा त्याने आकार काढला, तिथेच पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाची, खोबण कोरली, आणि डाग भुसा होऊन उडाला.

नेक, म्हणजे गिटारीची मान, तयार मिळाली, सुरांच्या आडव्या पट्ट्या ठोकलेली. पिकअप, खुंट्या, वायरी, बटणं, एकेक खोका घरी येत गेला. कंपनीत त्याचं काम माल तपासायचं; एमआयडीसीत दिवसभर त्याच्यापुढून व्हॉल्व्हचे सुटे भाग जातात, तो मापतो, आणि जो बसत नाही त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला टाकतो. चिठ्ठीवर कारण लिहायला जागा असते. मोहन्यात त्यालाच चिठ्ठी बांधली गेली तेव्हा कारण काय लिहिलेलं? इथे संध्याकाळी घरी येऊन तो उलटं काम करायचा. नवं ते जुनं. घासकागद. लाल रंगाचा हात, वाळू दे, पुन्हा घासकागद. जिथे मास्तरांचा कोपर टेकायचा तिथे रंग उडालेला हवा, तिथे तासून लाकूड उघडं केलं. खालच्या कडेला एक खोक होती, वाशिंदच्या हळदीत नवरदेवाच्या भावाने नाचताना आपटलेली. ती खोक त्याने किल्लीने पाडली, एका घावात, आणि घाव जरा जास्तच जोरात बसला. स्क्रू व्हिनेगरमध्ये बुडवून गंजवले. पांढरी प्लेट नवी असल्यामुळे दातांच्या जाहिरातीसारखी चमकत होती, ती कडक चहात उकळून पिवळी केली.

“अहो, चहा थोडा माणसांसाठीही ठेवा,” उत्तरा म्हणाली. मग ओट्याला टेकून, “पण बरं वाटतं हो. रात्री गुणगुणत असता हल्ली. ज्यांच्या हाताखाली शिकलात त्यांच्यासाठी कुणी एवढं करतं का आजकाल? मन मोठं लागतं.”

तो प्लेट उलटीपालटी करत राहिला. मन मोठं. मोठं होतंच, एवढी वर्षं एवढा ऐवज मावत होता त्यात. त्याला वाटलं आत्ता सांगावं हिला, मोहन्यापासून सगळं, भातातल्या खड्यापर्यंत. पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ द्या ना, म्हातारा माणूस. जाऊ द्या ना, म्हणजे पलंगाचा पलंग गेला, आणि हिशेबही बुडाला.

ब्रिज. तारा जिथे येऊन टेकतात तो शेवटचा आडवा ठोकळा. गिटारीचा सगळा सुरेलपणा या एका गोष्टीवर उभा असतो: पट्ट्यांची मापं जेवढ्या लांबीसाठी काढलेली, तेवढ्याच लांबीवर ब्रिज बसला पाहिजे. हल्लीच्या गिटारींना ब्रिज मागेपुढे करायला स्क्रू असतात. मास्तरांची जुनी, तिला पितळेचा अखंड तुकडा, एकदा ठोकला की ठोकला. तसाच हवा, तशीच बनवायचं कबूल केलंय. सुशांतने माप घेतलं, पुन्हा घेतलं, बारीक पेन्सिलने खरी जागा आखली. हात कंपनीत असतो तसा स्थिर होता. मग त्या रेघेच्या पुढे, नेकच्या बाजूला, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सोडून दुसरी रेघ आखली. सूतभर. डोळ्यात न भरणारं. मोकळ्या तारा लावल्या की सुरात लागतील, खालच्या पट्ट्यांवर कुणाला संशय येणार नाही. पण हात वर जाऊ लागला की प्रत्येक पट्टीला सूर थोडा जास्त चढेल, आणि वर, जिथे टाळ्या असतात, तिथे नागडा पडेल. वाजवणारा दोष कुणाला देईल? देऊ दे गिटारीला. म्हणू दे माइकवर, गिटारच चुकीची आहे. पहिल्या लायनीत सुशांत असेल. त्याला काही बोलावं लागणार नाही, हॉलमधला कुणीतरी पुटपुटेलच ती म्हण, ती म्हण सगळ्यांना येते. ड्रिल लावलं. सागवानाचा वास आला, त्याच्याखाली किंचित खोबरेल तेलाचा. खरी रेघ लाल रंगाच्या हाताखाली गेली. खरी जागा रंगाखाली, खोटी जागा पितळेखाली, आणि हे जगात एकाच माणसाला माहीत. इतकं सुख त्याला लग्नातही झालं नव्हतं.

तारा चढवल्या त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. त्याने मोबाइलवरचा सूर मोजणारा काटा लावला, एकेक तार काट्याच्या मध्यावर आणली, हिरवा दिवा, हिरवा दिवा. मग बाराव्या पट्टीवर बोट दाबून छेडलं. काटा उजवीकडे गेला. लाल. बरोब्बर. तो एकटाच हसला. मग त्याला लहर आली, काटा बंद करून नुसतं ऐकू या म्हणून. मोहन्याचा तो तुकडा त्याने खालून वर वाजवला. छान वाजला. पुन्हा वाजवला, सावकाश, कान गिटारीच्या अंगाला लावून, लाकडातून दातांत येणारी थरथर ऐकत. कुठे चढलाय? चढलेला असणारच, काट्याने दाखवलाय, मापाने केलाय. पण कानाला ते... थोडं हे वाटतंय का? हो, वाटतंय. की माहीत आहे म्हणून वाटतंय? त्याने मोबाइल पुन्हा चालू केला. लाल. लाल बघितल्यावर त्याला लगेच ऐकू आलं, अगदी स्पष्ट, कसं नाही आलं मघाशी. बाहेर रिक्षावाले भांडत होते, मिक्सर चालू होता कुणाचा तरी, या आवाजात काय ऐकू येणार, असं म्हणून त्याने गिटार खोळीत घातली आणि चेन ओढली. चेन ओढताना क्षणभर ती काळी गिटार आठवली, पाठीला भेग असलेली. तिला त्याने कधी मापलं नव्हतं. त्या रात्री स्टेजवर “वर गेलं की सूर चढतो” असं तो म्हणाला ते ऐकून म्हणाला होता, की मास्तरांचा चेहरा बघून? खोळ भिंतीला टेकवून तो आंघोळीला गेला. डोक्यावरून पाणी जास्त वेळ घेतलं.

सत्काराला हॉल भरलेला. शाली, नारळ, नगरसेवक येऊन गेलेला, मागे मुलं खुर्च्या ओढतायत. जुन्या पार्टीतला अकॉर्डियनवाला गोविंदा, दात गेलेला, सगळ्यांना मिठ्या मारत होता. मोहन्याच्या कॉलनीतले चेहरेही होते, पिकलेले, पण तेच. तेच हसलेले. उत्तरा त्याच्या शेजारी, ठेवणीतली साडी नेसून, पहिल्या लायनीत. निवेदकाने नाव पुकारलं, सुशांतने स्टेजवर जाऊन खोळ उघडली, आणि दिव्याखाली लाल गिटार बघून सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी उजव्या हाताने तिच्या कडेवरून बोट फिरवलं, खोकेपाशी थांबले. ही वाशिंदची, ते म्हणाले. हो मास्तर. तू ही पन केलीस? हो मास्तर. त्यांनी खोकेवर अख्खा तळहात ठेवला. सुशांतला त्या तळहाताचीही कीव आली नाही, उलट वाटलं, अजून वर चढ, जेवढा चढशील तेवढा चांगला पडशील. तो स्टेजच्या कडेला उभा राहिला. इथून चेहरा नीट दिसत होता.

मास्तरांनी शाल बाजूला केली तेव्हा त्यांचा डावा हात पहिल्यांदा दिसला. बोटं आत वळलेली, काटक्यांसारखी, उघडत नव्हती. झटका येऊन गेला मागच्या वर्षी, गोविंदा कुजबुजला, मास्तर कुणाला दाखवत नाय. सुशांतला हॉटेलातला रुमाल आठवला. मग वाजवणार कसे? मास्तरांनी मोकळ्या तारा छेडल्या, खुंट्या पिळल्या, मान डोलावली. मग वळलेल्या बोटाचं पेर बाराव्या पट्टीवर नुसतं टेकवलं आणि तार छेडली, घंटेसारखा एक बारीक स्वर निघाला. मग तेच पेर तिथेच दाबलं आणि पुन्हा छेडली. दोन्ही स्वर एक यायला हवेत. गिटार वाजवणारा कुणीही नवी गिटार हातात आली की पहिलं हेच करतो. सुशांतला हे माहीत होतं, आणि इतक्या महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं.

डावा डोळा मिटला. जबडा सरकला.

एवढंच, आणि चेहरा पुन्हा जागेवर. मास्तरांनी निवेदकाला जवळ बोलावलं, त्याच्या बिनवायरीच्या माइकमधला सेल काढून मागितला. निवेदक गोंधळला, पण दिला. मास्तरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, खिशातलं पेन नेकच्या टोकाशी तारांखाली सरकवून तारा उचलल्या, सेल त्या आखडलेल्या बोटांच्या खोबणीत बसवला, आणि तारांवरून फिरवायला सुरुवात केली. पट्ट्या असल्या काय नि नसल्या काय. ब्रिज सूतभर पुढे असो की हातभर. सेल जिथे थांबायचा तिथे सूर असायचा, कारण तो कानाने थांबत होता. रडकं गाणं, जुनं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. उत्तरानेसुद्धा. सुशांतने महिनोन्महिने रचलेल्या सूतभर खड्ड्यावरून म्हातारा असा अलगद चालत गेला, की खड्डा कुणाला दिसलाही नाही. गाणं संपलं, लोक उभे राहिले. मास्तरांनी सुशांतला खुणेने बोलावलं, गिटार त्याच्या गळ्यात अडकवली, पट्टा नीट करायच्या निमित्ताने तोंड कानाशी आणलं.

“ह्या टायमाला आंगन खरंच वाकरा हाय,” ते म्हणाले.

ह्या टायमाला. म्हणजे ते विसरलेले नव्हते. म्हणजे हॉटेलात, मिसळ खाताना, सगळं आठवत असताना, त्यांनी ते गोड वाक्य त्याला दिलेलं, भीक घालावी तसं, किंवा माफी मागावी तसं, कोण जाणे. आणि म्हणजे त्या टायमाला अंगण सरळ होतं. मास्तर हॉलकडे वळून मोठ्याने म्हणाले, ज्यानं बनवली त्याचे हातून आयका आता. टाळ्या. मोहन्याचे चेहरे पुढे झुकले. सुशांतने निवेदकाच्या हातातला माइक घेतला. एकच वाक्य होतं. ही मी मुद्दाम चुकीची बनवली, मापून, आखून, मला ते येतं. कपटी म्हणतील. म्हणू देत, बेसूर म्हणण्यापेक्षा बरं. “ही गिटार मी मुद्दाम...” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज ओठांपाशीच पडला. माइक मेलेला. सेल मास्तरांच्या वळलेल्या बोटांत होता. त्याचं बोलणं एकट्या मास्तरांनी ऐकलं, ते बाजूच्याच खुर्चीवर बसलेले, हातभर अंतरावर, पाठ गिटारीचा आवाज बाहेर काढणाऱ्या ॲम्प्लिफायरला लागलेली. “म्हाईत हाय,” ते म्हणाले. “वाजव.”

त्याने खालून सुरुवात केली. तोच तुकडा. हात वर निघाला, पाचवी पट्टी, सातवी, आणि त्याच्या कानाला सगळं ठीक वाटत होतं, सगळं छान, त्याला कुठेच काही चुकलेलं ऐकू येत नव्हतं, आणि या वेळी मोबाइल खिशात होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघंतिघं. पहिल्या लायनीत उत्तराने मान खाली घातली. कॉलनी हसणार, हसू दे, बाबुराव असते तर तेही हसले असते, मागच्या दातांसकट. सुशांतने हॉलकडे बघितलंच नाही. तो मास्तरांकडे बघत होता. बाराव्या पट्टीला मास्तरांचा डोळा मिटला. चौदावीला जबडा सरकला. हॉल गंमत बघत होता, हॉलला उद्या आठवणार नाही. पण हा कान, कल्याणपासून शीळफाट्यापर्यंतचा सगळ्यात शहाणा कान, त्याला सूतभर चूक हातभर लागत होती. आंधळा माणूस काठीने चाचपतो तसा सुशांत त्या चेहऱ्यावर चाचपत वर वर गेला. जिथे चेहरा जास्त वेडावाकडा होत होता तिथे सूर जास्त चुकत होता. मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला, शाल पायात आली, चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर, वळलेला हात कानापर्यंत गेला पण कान झाकेल एवढा उघडेना.

सुशांत सगळ्यात वरच्या पट्टीवर पोचला. तिथे त्याने बोट दाबून धरलं, आणि करंगळीने गिटारीवरचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.